साठ टक्के आबा

आबांना झटका आला त्या वर्षी नगरपालिका गरीब होती, त्यामुळे त्यांची नीट देखभाल होत असे. झटक्यात डावा हात आणि डावा पाय गेला, जीभ तेवढी शाबूत राहिली. आबांचं उभं आयुष्य शिवणयंत्रावर आणि गिऱ्हाइकांशी हुज्जत घालण्यात गेलेलं; त्या जिभेपुढे झटक्यानेही हात टेकले असणार, असं त्यांना ओळखणारे म्हणत.

नगरपालिकेची एक जुनी, कळकट योजना होती. घरात कुणी अंथरुणाला खिळलं असेल तर रोज सकाळी पालिकेकडून एक मदतनीस बाई येत. त्यांना सगळे मावशी म्हणत. मावशी यायच्या, आबांना उठवून खुर्चीत बसवायच्या, डोक्यापासून पायापर्यंत आंघोळ घालायच्या, पाय वाकवून-ताणून व्यायाम द्यायच्या आणि पुढच्या घरी जायच्या. या योजनेला नाव नव्हतं, बोधचिन्ह नव्हतं, तिच्या उद्घाटनाचा फलक कुठे लागलेला नव्हता. लोकांची तिच्याबद्दल काही तक्रारही नव्हती. असली योजना फार काळ टिकणं शक्यच नव्हतं.

आबांना दोन मुलं. थोरला दादा, तो राजधानीत मोठ्या हुद्द्यावर. धाकटी इथेच राहिली. तिने पन्नाशी ओलांडली, केस पिकले, गुडघे बोलायला लागले, तरी घरात आणि गल्लीत ती धाकटीच. एका मोठ्या लॉण्ड्रीत ती चादरी-टॉवेलांच्या पाळीवर देखरेख करायची. सकाळी मावशी आल्या की ती कामावर निघे. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पायात अजून जीव आहे. पुढचे काही महिने रोज व्यायाम मिळाला तर आबा काठी घेऊन चालतील. खंड पडला, तर मात्र कायमचे झोपून." धाकटीने ही एवढी गोष्ट मनाशी पक्की गाठ मारून ठेवली होती. आबांनी उभं राहावं, आपल्या पायांनी बाथरूमपर्यंत जावं, याखेरीज तिचं जगाकडे काही मागणं नव्हतं.

अशात वरच्या सरकारने मदत करायचं ठरवलं.

नगरपालिकेच्या त्या बिननावाच्या योजनेला नाव मिळालं: संपूर्ण आधार अभियान. दोन हात एका घराला आधार देतायत असं बोधचिन्ह तयार झालं. खर्चाचे साठ टक्के वरचं सरकार देणार, चाळीस टक्के नगरपालिका देणार, असा करार झाला आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांचे आभार मानले. पूर्वी नगरपालिका एकटी सगळा खर्च करायची. आता तिचे साठ टक्के वाचले. वाचलेल्या पैशाचं काय करायचं यावर सभागृहात गंभीर चर्चा होऊन पालिकेच्या दारात संगीताच्या तालावर नाचणारं कारंजं बसवण्यात आलं. कारंजं झाल्यावर लक्षात आलं की त्याला रंगीत दिवे नाहीत, आणि अंधारात नाचणारं कारंजं हा जनतेच्या पैशाचा अपव्यय आहे. तो अपव्यय टाळण्यासाठी उरलेले चाळीस टक्के दिव्यांना गेले.

एके दिवशी मावशी आल्या त्या उंबऱ्यातच घुटमळल्या.

"धाकटे, उद्यापासून मी साठ टक्केच येणार."

"म्हणजे आठवड्यातले चार दिवस?" धाकटीने मनातल्या मनात लॉण्ड्रीच्या पाळ्या फिरवायला सुरुवात केली.

"तसं नाही गं. येणार रोजच. पण आबांच्या साठ टक्क्यांसाठी."

धाकटीला वाटलं मावशींनाच काहीतरी होतंय. तिने त्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन मावशींनी सगळं सांगितलं, ते असं. सेवा रोज द्यायची, असं वरच्या सरकारच्या नियमात स्पष्ट लिहिलेलं, म्हणून दिवस कापता येत नव्हते. प्रत्येक घरात किती वेळ थांबायचं हेही लिहिलेलं, म्हणून वेळ कापता येत नव्हता. नियमात न लिहिलेली गोष्ट एकच राहिली होती, ती म्हणजे एका लाभार्थ्यातला किती लाभार्थी. तेवढी जागा पालिकेच्या लेखा विभागाच्या नजरेला पडली.

"उद्या साहेब येऊन माप घेणार आहेत," मावशी म्हणाल्या.

आबा आतून ओरडले, "मापाला रिकाम्या पोटी बसू का जेवून? पोटाच्या घेरात फरक पडतो."

समन्वय अधिकारी दुसऱ्या दिवशी आले. वरचं सरकार आणि नगरपालिका यांच्यात समन्वय साधणं हे त्यांचं काम, आणि पगारही दोन्हीकडून साठ-चाळीस याच हिशेबाने येत असल्याने तो महिन्यातून दोनदा, अर्धवट येई. माणूस सज्जन होता. चपला बाहेर काढून आला, आबांना नमस्कार केला, आणि मोजपट्टी आणायला विसरलो म्हणून दिलगिरी व्यक्त केली. धाकटीने कपाटातून आबांची जुनी फीत काढून दिली.

"सैल धरा," आबांनी सांगितलं. "ओढून घेतलेलं माप कधी जमत नाही."

"आजोबा, तुम्ही निवांत पडून राहा. फक्त मला एक कळत नाहीये." साहेब फीत हातात घेऊन आबांच्या डोक्यापासून पायांपर्यंत नजर फिरवत उभे राहिले. "साठ टक्के मोजायचे कुठून? पायाकडून, की डोक्याकडून?"

त्यांनी वर फोन लावला. बराच वेळ "हो सर, बरोबर सर" झाल्यावर फोन ठेवून ते म्हणाले, "डोक्याकडून. फोटोत चेहरा येतो, त्यामुळे चेहरा वरच्या सरकारकडेच राहणार. ते त्यावर ठाम आहेत."

मग डोक्याच्या टोकापासून मोजत मोजत ते खाली आले. साठ टक्के संपले ते मांडीवर, अर्ध्या चड्डीच्या काठाशी. साहेबांनी तिथे खडूने निळी रेघ मारली. रेघेच्या वर वरचं सरकार, रेघेच्या खाली नगरपालिका.

"साहेब," आबा म्हणाले, "चाळीस वर्षं मी माणसं मापली, पण कात्री लावली ती कापडालाच."

साहेब कसनुसं हसले. आपण फक्त अंमलबजावणी करतो, असं ते म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखरच वाईट वाटल्यासारखा झाला होता, त्यामुळे धाकटीला त्यांच्यावर रागावताही येईना. जाताना त्यांनी खडूची रेघ आंघोळीत पुसली जाईल अशी शंका काढली. लॉण्ड्रीत चादरींवर खुणा करायची धुऊन न जाणारी शाई धाकटीच्या पिशवीत होती. तीच मागून घेऊन त्यांनी रेघ पक्की केली आणि सहकार्याबद्दल तिचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी मावशींनी आबांना आंघोळ घातली, रेघेपर्यंत. पहिल्याच तांब्याला घोटाळा झाला. डोक्यावर ओतलेलं पाणी खांद्यावरून, पोटावरून ओघळत थेट पायांवर गेलं. त्या दिवशी तपासणीला आलेल्या साहेबांनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"मावशी, थांबा. हे पाणी वरच्या सरकारचं आहे. ते रेघेखाली जातंय."

"मग पाणी कुठे जाणार साहेब? वर?"

"तसं नाही. पण एका शीर्षकाखालचा निधी दुसरीकडे वळवला, असा याचा अर्थ होतो. लेखापरीक्षणात यावर शेरा येईल. याच्यावर माणसं निलंबित झालेली आहेत."

तेव्हापासून आंघोळीआधी आबांच्या मांडीभोवती टॉवेलाची जाड गुंडाळी घट्ट बांधायची असं ठरलं. गुंडाळी भिजली की पिळून पुन्हा बांधायची, आणि पिळलेलं पाणी पायांवर पडणार नाही अशी दक्षता घ्यायची. टॉवेल कुणी द्यायचा यावर पत्रव्यवहार सुरू झाला, म्हणून तोपर्यंत धाकटीने घरचा दिला. वर आबा स्वच्छ, गोरेगोमटे, पावडर लावलेले. खाली पाय तसेच. पायांना हात लावायचा नाही म्हटल्यावर व्यायामही थांबला. धाकटी रोज संध्याकाळी येऊन आधी पाय चाचपून बघायची. डावी पोटरी हाताला दिवसेंदिवस थंड आणि मऊ लागत होती.

अर्धा दिवस रजा टाकून ती नगरपालिकेत गेली. दारातलं कारंजं ऐन रंगात होतं. आत लेखा विभागाच्या प्रमुखांनी तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, तिला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. इतक्या आदबीने वागतायत म्हटल्यावर काम होणार नाही हे तिने ओळखलं.

"बाई, एक गोष्ट स्पष्ट करतो. पाय आमचेच आहेत. त्याबद्दल पालिकेच्या मनात तिळमात्र शंका नाही."

"मग पायांना व्यायाम द्या ना."

"जबाबदारी आम्ही नाकारलेली नाही. तरतूद नाही, इतकंच."

"म्हणजे करायचं काय?"

"आम्ही ती जबाबदारी पुढच्या वर्षीही नाकारणार नाही," प्रमुख म्हणाले, आणि आपण फार मोठा शब्द देऊन बसलो की काय अशा काळजीने त्यांनी शेजारच्या सहकाऱ्याकडे पाहिलं.

"पुढच्या वर्षी पाय उरणार नाहीत साहेब. डॉक्टर म्हणतात आत्ताच..."

"ते वैद्यकीय झालं. वैद्यकीय बाब आमच्या विभागात येत नाही."

बाहेर पडताना कारंज्याचे शिंतोडे तिच्या अंगावर उडाले. आपल्या आबांचे पाय आपल्या अंगावर उडतायत असं तिला वाटून गेलं, आणि त्या विचाराचीच तिला शिसारी आली. तिने पदराने तोंड पुसलं.

मग तिने वरच्या सरकारला लिहिलं. उत्तर लगेच आलं, ते जाड कागदावर आणि अतिशय सहृदय होतं. लाभार्थ्याच्या पायांबद्दल वरच्या सरकारला तीव्र सहानुभूती होती; पण त्यांना हात घालणं म्हणजे स्थानिक स्वायत्ततेवर घाला घातल्यासारखं झालं असतं, आणि स्थानिक स्वायत्तता हा लोकशाहीचा पाया असल्याने ते सरकार असं पाऊल कदापि उचलणार नव्हतं. आबांनी पत्र दोनदा वाचून घेतलं. "पाया त्यांचा, पाऊल त्यांचं," ते म्हणाले, "मी मात्र इथे झोपलोय."

रविवारी दादाचा फोन आला. दर रविवारी यायचा. धाकटीने सगळं सांगितलं तसा दादा खवळला.

"हे म्हणजे अतीच झालं. माणसाचे तुकडे करतात म्हणजे काय? मी लिहितो यावर. कुणालाच कशाची जबाबदारी घ्यायला नको या देशात. तू अजिबात गप्प बसू नकोस."

"दादा, एखादा खाजगी माणूस ठेवला तर? महिन्याचा खर्च..."

"ठेव की. विचारतेस काय? पैशांचं मी बघतो, तिथलं तू बघ. आपलं ठरलंय ना तसं. फक्त माणूस चांगला बघ, आणि आधी मला अंदाज पाठव, म्हणजे मी बघतो कसं काय बसतंय ते. या महिन्यात जरा फ्लॅटचे हप्ते आहेत. पण तत्त्व म्हणून माझं हो आहे."

धाकटीने अंदाज पाठवला. दादाने त्याची पोच दिली. पुढच्या रविवारी दादाने विचारलं की याहून स्वस्त कुणी मिळेल का, आणि त्याच्या पुढच्या रविवारी तो सरकारवर बोलला.

शेवटी धाकटीने पदर खोचला. उजाडायच्या आत उठायचं आणि आबांच्या पायांना स्वतः व्यायाम द्यायचा. पण तिला ते येत कुठे होतं? गुडघा कुठे धरायचा, किती वाकवायचा, कुठे थांबायचं? मावशींना यातली खडान्खडा माहिती, पण त्यांना रेघेखाली हात लावायची बंदी. मावशींनी त्यावर तोड काढली. नेहमीपेक्षा लवकर येऊन त्या आबांच्या उशाशी उभ्या राहायच्या, दोन्ही हात पाठीमागे बांधून, आणि तोंडाने सांगायच्या.

"टाच धर. टाच. अगं बोटं नाही. हां, आता हळूच वर. आबा, तुम्ही पण जोर लावा जरा."

"लावतोय की," आबा म्हणायचे. "जोर वरच्या सरकारचा आहे, खाली उतरत नाही."

मावशींचं बोलणं आबांच्या कानांवर पडत होतं, आणि कान निर्विवाद वरच्या सरकारचे होते. तेव्हा यात नियमभंग होत नाही, असं मावशींनी स्वतःला पटवून दिलं होतं. धाकटीची मनगटं सुजली, कंबर धरली, दोनदा पाळीला उशीर झाला म्हणून लॉण्ड्रीने पगार कापला. ती चिडचिडी झाली. एकदा तर ती आबांवरच खेकसली, मग न्हाणीत जाऊन रडून आली. त्या दिवसापासून आबांनी व्यायामाच्या वेळी विनोद करणं बंद केलं आणि दात-ओठ खाऊन जोर लावू लागले.

आणि एका सकाळी डाव्या पायाचा अंगठा हलला.

मावशींच्या पाठीमागे बांधलेले हात सुटले आणि त्यांनी ते तोंडावर घेतले. धाकटीने अंगठा मुठीत धरून ठेवला, जणू सोडला तर जाईल. "परत," ती म्हणाली. आबांनी परत हलवला. असा आनंद त्या घरात कित्येक महिन्यांत झाला नव्हता. धाकटी त्या दिवशी लॉण्ड्रीत चादरी मोजताना गुणगुणत होती.

महिनाभरात आबा दोघींच्या आधाराने क्षणभर उभे राहायला लागले. डॉक्टर खूश झाले. मात्र त्यांनी बजावलं, "कमरेला मागून घट्ट धरल्याशिवाय उभं करायचं नाही. तोल अजून यांचा नाही, तुमचा आहे."

सुधारणेची बातमी समन्वय अधिकाऱ्यांमार्फत दोन्हीकडे पोचली आणि दोन्हीकडे खळबळ उडाली. पालिकेच्या पायांवर गेल्या कित्येक महिन्यांत एक छदामही खर्च झाला नव्हता, आणि तरी पाय सुधारले होते. शून्य खर्चात इतका परिणाम साधणारी ही देशातली पहिलीच नगरपालिका, असं लेखा विभागाने टिपण तयार केलं. वरच्या सरकारने ते टिपण वाचलं आणि त्याला वेगळाच प्रश्न पडला: चाळीस टक्के काम जर खर्चाशिवाय होतं, तर साठ टक्के का होऊ नये? मात्र तो विचार अमलात आणण्याआधी यशाचं श्रेय घेणं आवश्यक होतं. म्हणून एक छोटेखानी कार्यक्रम ठरला. वरून निरीक्षक बाई येणार, पालिकेकडून प्रमुख येणार, आबा उभे राहणार आणि फोटो निघणार.

दादाही आला. विमानाने आला, फळांची मोठी टोपली आणली, आबांच्या पाया पडला. पायांना हात लावताना तो गहिवरला. "बघ," तो धाकटीला म्हणाला, "शेवटी आपण सगळ्यांनी मिळून करून दाखवलं." तिने त्याला चहा दिला.

खोली लहान, माणसं फार. आबांना नवा सदरा घातला होता. धाकटीने मागून कमरेला मिठी घालून त्यांना उभं केलं. निरीक्षक बाईंनी उजवा कोपर धरला. पालिकेचे प्रमुख जरासे वाकून आबांच्या गुडघ्याला बोटं टेकवून हसले. दादाने पाठीवर हात ठेवला. मावशी दाराशी उभ्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

फोटोवाल्याने डोळ्याला कॅमेरा लावला आणि काढला. "मागे त्या बाई दिसतायत. आजोबांना कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतंय."

"ताई, तुम्ही जरा बाजूला व्हाल का?" समन्वय अधिकारी हलक्या आवाजात म्हणाले. "म्हणजे तुमचं योगदान आहेच. पण योजनेत तुमचा हिस्सा दाखवलेला नाही. फोटोत तुम्ही आलात तर शंभराच्या वर टक्के होतात."

"मी सोडलं तर पडतील ते."

"आम्ही सगळे आहोत ना," निरीक्षक बाई म्हणाल्या.

"अगं, मी धरलंय," दादा म्हणाला. "एक सेकंदाचं काम."

मावशी दारातून म्हणाल्या, "सोडू नकोस गं." पण त्या आवाजाला टक्केवारी नव्हती. सहा-सात माणसं एकाच वेळी धाकटीकडे समजूतदार नजरेने बघत होती, आणि अशा नजरेसमोर आपण उगाच आडमुठेपणा करतोय असं वाटून भलेभले गडबडतात. तिने हात काढले. ती बाजूला झाली.

फोटो उत्तम निघाला. फोटोवाला "झालं" म्हणाला. निरीक्षक बाईंनी कोपर सोडला, कारण उभं राहणं हे पायांचं काम आणि पाय पालिकेचे. प्रमुखांनी गुडघा सोडला, कारण तोल हा डोक्यात असतो. दादाने पाठीवरचा हात काढून खिशातला फोन काढला, कारण बाकी सगळ्यांनी धरलेलं होतं.

पडताना आबांनी हिस्सेवारी पाळली नाही. ते पूर्ण पडले.

धाकटी त्यांच्यापर्यंत पोचली तेव्हा ते फरशीवर कुशीवर होते. चेहरा पांढराफटक, पण शुद्धीत. "उभा होतो ना गं?" त्यांनी विचारलं. "होतात आबा," ती म्हणाली. हात काढला तो आपण काढला, हे तिला आता जन्मभर पुरणार होतं.

मांडीचं हाड मोडलं होतं, नेमकं रेघेवर. क्ष-किरण चित्रात एक तुकडा वर, एक तुकडा खाली. आता हे हाड कुणाचं, यावर संयुक्त समिती नेमली गेली. पालिकेचं म्हणणं, हाड वरून सुरू होतं. वरच्या सरकारचं म्हणणं, ते खाली संपतं. समितीचा निर्णय होईपर्यंत लाभार्थ्याची सीमा अनिश्चित असल्यामुळे, आणि अनिश्चित लाभार्थ्याला आंघोळ घातल्यास मावशींची नोकरी जाण्याचा संभव असल्यामुळे, सेवा स्थगित झाली. समन्वय अधिकाऱ्यांनी हे सांगायला स्वतः येऊन दारात उभ्याउभ्या डोळे पुसले. दादाला दुसऱ्याच दिवशी परतावं लागलं. त्याला तिथलंही पाहायला हवं होतं. जाताना तो म्हणाला की या वेळी तो शांत बसणार नाही.

आबांनी व्यायामाचं नाव काढणं सोडून दिलं. डॉक्टरांनीही. आता प्रश्न एवढाच उरला होता की पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांना रोज कुशीवर वळवायचं, आणि ते एकट्या धाकटीच्याने होत नव्हतं. तिने लॉण्ड्री सोडली.

फोटो मात्र सगळीकडे गेला. आबा ताठ उभे, नव्या सदऱ्यात, हसरे. आजूबाजूला हसरी माणसं. हजारोंनी पाहिला, अंगठे उंचावले, हात जोडले, "प्रेरणादायी" असं लिहिलं. मग ते पडल्याचं कुठून कुठून कळलं, आणि फोन यायला लागले. सगळ्यांना फार वाईट वाटलं होतं. व्यवस्थेचं काही खरं नाही यावर सगळ्यांचं एकमत होतं. आणि फोन ठेवण्याआधी प्रत्येकजण म्हणत होता, "काही लागलं तर सांगा हं, संकोच करू नका."

धाकटी सगळ्यांना "हो, सांगते" म्हणत राहिली. एके दिवशी मात्र ती थकली होती, आणि नेमका तेव्हा तुमचा फोन आला. तुम्ही कळवळून बोललात. सरकारचे वाभाडे काढलेत, तिला बरं वाटलं. मग तुम्हीही म्हणालात, "काही लागलं तर नक्की सांग."

"लागतंय," ती म्हणाली. "उद्या सकाळी एक माणूस हवाय. रोज नको, उद्याच. मी खांद्याकडून धरते, पायांकडून कुणीतरी धरायला हवं. दहा मिनिटांचं काम आहे. तुम्ही जवळच राहता ना, म्हणून."

तुम्ही अगदी मनापासून, तिच्याच काळजीने म्हणालात, "अगं, पण ते पालिकेचं काम आहे ना?"